शिसपेन्सिलीच्या कांडीने फिनॉल मोजताना

नाव शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं औषधालाही सापडत नाही. आत असतो ग्राफाइट, त्याला धरून ठेवणारी चिकणमाती, आणि क्लच पेन्सिलीच्या बारीक कांड्यांत मातीच्या जागी बहुधा भाजून कार्बन झालेलं पॉलिमर. वीज छान वाहते, जाडी एकसारखी असते आणि शाळेजवळच्या कुठल्याही दुकानात डबीभर मिळते. फिनॉलवर्गातली रसायनं (बेंझिनच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट असलेली) विजेच्या मदतीने मोजायची तर या कांडीइतकं स्वस्त आणि कामाचं साधन नाही. सोलापुरात कांडी म्हटलं की आधी मागाची कांडी डोळ्यापुढे येते. खाली मात्र जिथे कांडी येईल तिथे ग्राफाइटचीच समजा.

आपल्याकडे हे मोजायची गरज दोन टोकांना पडते. एक टोक चादरी-टॉवेलच्या रंगाईचं सांडपाणी, आणि दुसरं टोक डाळिंबाची साल. एकात फिनॉल नको असतात, दुसऱ्यात हवे असतात. रसायनशास्त्र दोन्हीकडे तेच.

आकडे आधी डोक्यात पक्के बसवा. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्यात फिनॉलवर्ग, फिनॉलच्या रूपात मोजून, लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सार्वजनिक गटारात सोडायचं असेल तर ५. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० (२०१२) मात्र ०.००१ मिलिग्रॅम म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.००२. फिनॉलचा रेणुभार ९४.११, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम हे सुमारे १०.६ मायक्रोमोलर झालं आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा त्याचा हजारावा भाग. साधी, काहीही न लावलेली कांडी एक मायक्रोमोलरच्या आसपासपर्यंत भरवशाने उतरते. त्यामुळे सांडपाण्याला ती पुरते, पिण्याच्या पाण्याला नाही. कांडीने नळाचं पाणी 'तपासून' ते शुद्ध असल्याचं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट. फिनॉल मोजताना खरी अडचण संवेदनशीलतेची नसते. इलेक्ट्रोड मरण्याची असते. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तसंच काहीसं कार्बनच्या पृष्ठभागावर घडतं. कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन ही त्यातली सरळ मंडळी: दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन देऊन क्विनोन होतात, व्होल्टेज उलटं फिरवलं की परत येतात. साधं फिनॉल तसं नाही. एक इलेक्ट्रॉन गेला की फिनॉक्सी रॅडिकल तयार होतं. ते शेजारच्या रेणूला चिकटतं, साखळी वाढत जाते आणि इलेक्ट्रोडवर वीज न वाहणारा पातळ थर बसतो. अर्धा मिलिमोलर फिनॉल घेऊन सायक्लिक व्होल्टमेट्रीच्या (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह नोंदायचा) पाच फेऱ्या सलग मारून बघा. पहिल्या फेरीत ०.६५ व्होल्टच्या आसपास प्रवाहाचं ठसठशीत शिखर दिसेल, दुसरीत ते निम्म्याहून खाली येईल, पाचव्या फेरीत नुसता चढ उरेल. कांडी हातात घेऊन बघितली तर काहीही बदललेलं दिसत नाही, टिश्यूने पुसली तरी थर जात नाही.

म्हणूनच एकदा वापरून फेकायची कांडी इथे महागड्या ग्लासी कार्बनवर (काचेसारखा कठीण, चकचकीत कार्बन) मात करते. ग्लासी कार्बनचा ३ मिलिमीटरचा इलेक्ट्रोड उत्तमच, पण फिनॉलच्या दर मापनानंतर तो अ‍ॅल्युमिनावर घासावा लागतो: आधी १, मग ०.३, मग ०.०५ मायक्रॉन, कापडावर इंग्रजी आठच्या आकारात हात फिरवत, आणि शेवटी पाण्यात एक-दोन मिनिटं अल्ट्रासोनिक. दिवसाला पन्नास नमुने असतील तर हात दुखून येतात, आणि अकराव्या घासणीनंतर हाताचा दाब बदलला की आकडेही बदलतात.

जोडणी

पेन्सिल ०.५ ची घ्या, टोकाला धातूची नळी असलेली. प्लॅस्टिकच्या टोकाची उपयोगाची नाही, कारण वीज त्या धातूतूनच कांडीत जाते. नळीच्या कडेला बारीक तांब्याची तार डाग देऊन जोडा. डाग द्यायच्या आधी नळी बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर निकेलच्या मुलाम्यावर कथील धरत नाही. आतली पकड सैल असेल तर कांडी थरथरते आणि आलेखावर दात उमटतात. अशी पेन्सिल लिहायला ठेवून द्या.

०.५ लिहिलेल्या कांडीचा खरा व्यास साधारण ०.५६ मिलिमीटर असतो. त्यामुळे १० मिलिमीटर बुडवली तर पृष्ठफळ पाय गुणिले ०.०५६ गुणिले १, म्हणजे ०.१७६, अधिक टोकाचं ०.००२, मिळून ०.१७८ चौरस सेंटिमीटर. खोली १ मिलिमीटरने चुकली की प्रवाह दहा टक्क्यांनी चुकतो. नवशिक्यांच्या आकड्यांत जो विस्कळीतपणा दिसतो तो बहुतेक इथूनच येतो, रसायनातून नाही. उपाय सोपा आहे: कांडी २० मिलिमीटर बाहेर काढा, टोकाकडचे बरोबर १० मिलिमीटर मोकळे ठेवून वरच्या भागाला नेलपॉलिश लावा, अर्धा तास वाळू द्या. मग द्रावणाची पातळी नेलपॉलिशच्या पट्ट्यात कुठेही असली तरी चालतं. द्रावणात अल्कोहोल जास्त असेल तर मात्र नेलपॉलिश विरघळतं. तिथे बारीक हीटश्रिंक नळी चढवा. कांडीच्या मोकळ्या भागाला बोट लावू नका. शेंगाचटणी खाऊन आलेल्या हाताचं तेल तर ग्राफाइट लगेच पिऊन घेतो.

काउंटर इलेक्ट्रोड (प्रवाहाचं वर्तुळ पुरं करणारा) म्हणून २ मिलिमीटरची जाड कांडी चालते. टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची सळई काढून वापरायचा मोह होतो, पण तिच्यात मेण मुरलेलं असतं आणि मँगनीजही चिकटलेलं असतं. फुकट असली तरी नको.

संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत कांडीचं व्होल्टेज मोजतात) घरी करायचा तर चांदीची तार घ्या, पण सराफाकडे 'दागिन्याची' म्हणून मागू नका, शुद्धच मागा. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं आणि ते विरघळून सगळं मापन नासवतं. तार पॉलिश पेपरने घासून कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवली की तिच्यावर करडा-जांभळट सिल्व्हर क्लोराइडचा थर येतो. ती ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडने भरलेल्या नळीत ठेवा, खाली सच्छिद्र टोक. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत तिचं व्होल्टेज सुमारे ०.२१ असायला हवं. रोज सकाळी कारखान्यात बनलेल्या एका चांगल्या संदर्भ इलेक्ट्रोडशी मल्टीमीटरवर जुळवून बघा. फरक १० मिलिव्होल्टच्या वर गेला तर थर उडालेला आहे, तार पुन्हा ब्लीचमध्ये घाला.

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे ठरवलेलं व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणारं यंत्र, कुठलाही चालेल. २०११ मध्ये आराखड्यासकट खुला केलेला चीपस्टॅट किंवा त्याच्यासारखी हातात मावणारी यंत्रं मायक्रोअँपिअरच्या कामाला पुरतात. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर मात्र ५० हर्ट्झचा गोंगाट आलेखावर बसतो. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा उपडा घालून तो अर्थिंगला जोडा, फरक लगेच दिसेल. आणि मापनाच्या वेळी पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण द्रावण हललं की शिखर फुगतं.

द्रावणं

०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७: डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १०.७१ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५.२४ ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. दोन्ही निर्जल प्रकारातले घ्या. पाणी धरून असलेलं मीठ असेल तर वजन बदलतं. नमुन्यात निम्मं-निम्मं मिसळायचा बफर याच्या दुप्पट तीव्रतेचा करून ठेवा. बोअरचं पाणी वापरू नका हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो: आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर पांढरा साका धरतं. नमुनाच बोअरच्या पाण्यावर चाललेल्या रंगखान्याचा असेल आणि बफर टाकल्यावर गढूळ होत असेल तर फॉस्फेट सोडून पीएच ४.८ च्या अ‍ॅसिटेट बफरवर जा. तिथे सगळी शिखरं साधारण १३० मिलिव्होल्टने उजवीकडे सरकतात, कारण पीएच एकाने उतरला की २५ अंशांना शिखर ५९ मिलिव्होल्ट सरकतं.

प्रमाण द्रावण (तीव्रता नेमकी माहीत असलेलं) १० मिलिमोलर: १०० मिलिलिटरला कॅटेकॉल ०.११०१ ग्रॅम किंवा फिनॉल ०.०९४१ ग्रॅम. कॅटेकॉलचं द्रावण रोज नवं करा, तपकिरी बाटलीत ठेवा. तपकिरी रंग बाटलीचा असावा, द्रावणाचा नको. फिनॉलची गंमत सोलापुरात वेगळीच: तो वितळतो ४०.५ अंशांना. उन्हाळ्यात दुपारी कपाटातली बाटली उघडली की आत पांढऱ्या स्फटिकांऐवजी द्रव असतो. त्याने घाबरायचं कारण नाही, पण असा द्रव घाईने ओतताना हातावर सांडतो, आणि फिनॉल कातडी बधिर करून भाजतो. भाजल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, आणि कातडीतून तो रक्तातही जातो. नायट्राइल हातमोजे दुहेरी घाला, पॉलिएथिलिन ग्लायकॉल ४०० ची बाटली हाताशी ठेवा. अंगावर सांडलंच तर त्याने पुसा, भरपूर पाणी ओता, दवाखान्यात जा. गुलाबी पडलेला फिनॉल प्रमाण द्रावणासाठी वापरू नका.

तापमानाचं आणखी एक. द्रावणातल्या रेणूंचा सरकण्याचा वेग दर अंशाला दोनेक टक्के वाढतो आणि शिखराचा प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे अंशाला साधारण एक टक्का. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सकाळी १५ अंशांना काढलेली प्रमाण रेषा (तीव्रता आणि प्रवाह यांचा आलेख) मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी वापरली तर पाव भागाची चूक पदरात पडते, आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. सेल, म्हणजे मोजायच्या द्रावणाची कुपी, पाण्याच्या भांड्यात ठेवून तापमान एकसारखं राखा, नाहीतर प्रत्येक नमुन्याला प्रमाण द्रावण त्याच पाण्यात मिळवत जा. दुसरी पद्धत चांगली; ती पुढे येतेच.

कांडीची परीक्षा

नमुन्याकडे वळण्याआधी डबीतल्या दोन-तीन कांड्यांची परीक्षा घ्या. पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ०.०३२९ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात घाला. सेकंदाला ५० मिलिव्होल्ट वेगाने ०.६ पासून उणे ०.१ पर्यंत जाऊन परत या. वरच्या पृष्ठफळाला रँडल्स-सेव्हचिक सूत्राप्रमाणे शिखर ३० मायक्रोअँपिअरच्या जवळ यायला हवं. ४५ आलं तर द्रावण नेलपॉलिशच्या खाली शिरलेलं आहे. १५ आलं तर कांडीला तेल लागलंय किंवा पकड सैल आहे. जाण्याच्या आणि येण्याच्या शिखरांत आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट; कांडीवर १२० पर्यंत चालवून घ्या, २०० च्या वर गेलं तर डबीच बदला. एका कामात दोन डब्यांच्या कांड्या मिसळू नका. बी आणि एचबी तर अजिबात नाही, त्यांच्यात ग्राफाइटचं प्रमाणच वेगळं असतं. परीक्षेचं हे द्रावण आम्लाच्या कचऱ्यात कधीही ओतू नका, सायनाइडचा वायू सुटण्याचा धोका असतो.

नवी कांडी थोडी 'उठवावी' लागते. अ‍ॅसिटेट बफरमध्ये १.४ व्होल्टवर ३० ते ६० सेकंद धरली की ग्राफाइटच्या कडांवर ऑक्सिजनचे गट येतात, पृष्ठभाग पाणी धरू लागतो आणि शिखर टोकदार होतं. दोन मिनिटं धरली तर आणखी चांगलं होईल असं वाटतं, पण होतं उलटं: पार्श्वभूमीचा प्रवाह इतका चढतो की छोटं शिखर त्यात बुडून जातं.

मापन

डिफरन्शियल पल्स पद्धत घ्या: व्होल्टेजचे छोटे ठोके द्यायचे आणि ठोक्याआधीच्या व ठोक्याअखेरीच्या प्रवाहातला फरक नोंदायचा. पल्सची उंची ५० मिलिव्होल्ट, रुंदी ५० मिलिसेकंद, पायरी ५ मिलिव्होल्ट. कॅटेकॉल-हायड्रोक्विनोनसाठी उणे ०.२ ते ०.५ व्होल्ट, फिनॉलसाठी ०.३ ते ०.९. पीएच ७ ला हायड्रोक्विनोन ०.१ च्या खाली-वर, कॅटेकॉल त्याच्या साधारण १०० मिलिव्होल्ट पुढे, रिसॉर्सिनॉल ०.५ च्या आसपास आणि फिनॉल त्याच्याही पुढे. उघड्या कांडीवर पहिल्या दोघांची शिखरं एकमेकांवर चढतात. निव्वळ 'डायहायड्रॉक्सी फिनॉल' एवढं कळून भागत असेल तर ते तसंच राहू द्या.

सांडपाणी सरळ सेलमध्ये ओतायचं नसतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईचं पाणी सोडा अ‍ॅशमुळे पीएच १०-११ चं असतं. फिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला त्याचा निम्मा भाग प्रोटॉन सोडतो) १० च्या जवळ, म्हणजे त्या पाण्यात त्याचा बराच भाग फिनोलेट होऊन बसलेला असतो. तो कमी व्होल्टेजला जळतो, म्हणजे इलेक्ट्रॉन देतो, आणि कांडीही लवकर मारतो. शिवाय अल्कलीत कॅटेकॉल हवेनेच खराब होतं. म्हणून बाटली भरली की जागेवरच गंधकाम्लाने पीएच २ च्या खाली आणा आणि बर्फात ठेवा. रंगखान्यात गंधकी रंग किंवा हायड्रोज (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरत असतील तर ही आम्ल घालायची क्रिया उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करा, कारण हायड्रोजन सल्फाइड किंवा सल्फर डायऑक्साइड सुटतो. त्याच पीएचला पाच-दहा मिनिटं ढवळत हवा खेळवली की सल्फाइड आणि सल्फाइट वायू होऊन निघून जातात. हे नाही केलं तर तेच कार्बनवर जळून फिनॉलचं सोंग घेतात. मग गाळणी, आणि मापनाच्या अगदी आधी पीएच ७. टॉवेलच्या ब्लीचिंगचं पाणी मिसळलेलं असेल तर उरलेला पेरॉक्साइड तपासून घ्या. रंगखान्यात त्यासाठी कॅटालेजचं एन्झाइम असतंच, त्याचे दोन थेंब इथेही कामाला येतात.

आता मिळवणीची पद्धत. सेलमध्ये नमुना ५ मिलिलिटर, दुप्पट तीव्रतेचा बफर ५ मिलिलिटर. शिखर घ्या. मग १ मिलिमोलर कॅटेकॉल १०० मायक्रोलिटर टाका. सेलमधली तीव्रता जवळजवळ १० मायक्रोमोलरने वाढली. पुन्हा शिखर, असं तीनदा. समजा शिखरं १.२, २.०, २.८ आणि ३.६ मायक्रोअँपिअर आली. दर मिळवणीला ०.८ वाढ, म्हणजे सुरुवातीचे १.२ हे १५ मायक्रोमोलरचे. नमुना निम्मा पातळ केलेला, म्हणून मुळात ३० मायक्रोमोलर. कॅटेकॉलच्या रूपात ते लिटरला ३.३ मिलिग्रॅम, फिनॉलच्या रूपात २.८. कशाच्या रूपात हे न लिहिलेला आकडा कागदावर ठेवू नका.

वाढ ०.८, ०.६, ०.३ अशी उतरत गेली तर कांडी मरते आहे. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे: मरत्या कांडीवर अंतिम आकडा कमी नाही, जास्त येतो. पहिलं शिखर ताज्या कांडीवरचं असतं, पुढची वाढ मात्र खोटी लहान. भागाकारात छेद लहान झाला की उत्तर फुगतं. एखादा कारखाना मर्यादेबाहेर ठरवायच्या आधी एवढं नक्की बघा. साध्या फिनॉलसाठी प्रत्येक शिखराला नवी कांडी लावा आणि सेलमधली तीव्रता ५० मायक्रोमोलरच्या खाली ठेवा. कॅटेकॉलसाठी एकच कांडी पुरते, मधे फक्त ताज्या बफरमध्ये १.४ व्होल्टवर ३० सेकंद.

रंगाचा रेणूही इथे आडवा येतो. बऱ्याच रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत नॅफ्थॉलचा सांगाडा असतो आणि त्याच्यावरचा हायड्रॉक्सिल गट कार्बनवर जळतो. त्यामुळे नुसत्या बफरला 'कोरा नमुना' मानून चालत नाही. त्या दिवशीचा रंग डिस्टिल्ड पाण्यात घोळून त्याचाही आलेख काढावा लागतो. खळीतला स्टार्च आणि साबणी रसायनंही कांडीला चिकटतात, पण मिळवणीच्या पद्धतीत त्यांचा परिणाम बराचसा वजा होतो.

शासकीय नोंदीसाठी कांडीचा आकडा चालत नाही, तिथे ४-अमिनोअँटिपायरिनचीच पद्धत लागते: नमुन्याचं ऊर्ध्वपातन, पीएच ७.९, फेरिसायनाइड, ५०० नॅनोमीटरला रंग. पण त्या पद्धतीतही भोक आहे. पॅरा जागेवर मिथाइलसारखा गट असलेली फिनॉल, उदाहरणार्थ पॅरा-क्रेसॉल, तिथे रंगच देत नाहीत. कांडीवर मात्र ती दिसतात. दोन पद्धतींचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कांडीला दोष देऊ नका.

लगदा

कांडीचा थोरला भाऊ म्हणजे कार्बन पेस्ट. १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अ‍ॅडम्सने तो मांडला. पाऱ्याच्या थेंबासारखा थेंबाथेंबाने पडणारा कार्बनचा इलेक्ट्रोड त्याला हवा होता; तो जमला नाही, पण घट्ट लगदा मात्र जमला. ग्राफाइट पूड ०.७ ग्रॅम, लिक्विड पॅराफिन ०.३ ग्रॅम, अगेटच्या खलात वीस-तीस मिनिटं घोटायचं आणि एक दिवस मुरू द्यायचं. टोक कापलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दाबून भरा, मागून तांब्याची तार. वापरून झालं की दट्ट्या दाबून मिलिमीटरभर लगदा बाहेर काढा, कापा, बटर पेपरवर घासा. वीस सेकंदांत नवा पृष्ठभाग. तेल कमी पडलं तर पाणी आत शिरून पार्श्वभूमी चढते, जास्त झालं तर शिखरं लांब जातात. उन्हाळ्यात तेल सुटून सिरिंजच्या तोंडाशी चमक दिसायला लागते. तेव्हा तेलाचा तिसरा हिस्सा कमी करून तेवढं पॅराफिन मेण कोमट करून घाला. अल्कोहोलयुक्त नमुन्यात लगदा पाझरून ढासळतो, तिथे कांडीच बरी.

लगद्याचा फायदा असा की त्यात हवं ते मिसळता येतं. १९८८ मध्ये जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यात चक्क केळ्याचा गर मिसळला. केळं-वांगं काळं पाडणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज त्यात असतं. ते फिनॉलवर्गातल्या रसायनांना क्विनोन करतं आणि ते क्विनोन उणे ०.२ व्होल्टच्या आसपास परत कॅटेकॉल होताना मोजायचं. इतक्या कमी व्होल्टेजला पॉलिमरचा थर धरत नाही, म्हणजे मूळ दुखणंच टळतं. करमाळ्याकडच्या केळ्यांना हा आणखी एक उपयोग. लगदा मात्र दोन-चार दिवसांत आंबतो, आणि सांडपाण्यातल्या जड धातूंपुढे एन्झाइम मान टाकतं.

नॅनोनळ्या, ग्राफीन, त्यावर सोन्याचे कण, त्यावर आणखी काही. शोधनिबंधांतले आकडे बघून डोळे दिपतात, पण त्यातले बरेचसे स्वच्छ बफरमधले असतात. सुधारणा करायचीच तर कार्बन ब्लॅकने सुरू करा: १ मिलिग्रॅम १ मिलिलिटर डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये, अर्धा तास अल्ट्रासोनिक, ५ मायक्रोलिटर ग्लासी कार्बनवर टाकून वाळवा. स्वस्त आहे, आणि नॅनोनळ्यांत उरणारं उत्प्रेरकाचं लोखंड यात नसतं. उसाच्या चिपाडाचा कोळसा करूनही लोक लगद्यात घालतात. तो फिनॉल चांगला शोषतो, पण सहजी सोडत नाही; मागच्या नमुन्याची आठवण पुढच्यात उमटते. फिनॉलचा थर जाळून काढता येईल असा इलेक्ट्रोड म्हणजे बोरॉन मिसळलेला हिरा. अडीच व्होल्टच्या पुढे नेला की त्याच्यावर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि थर जळून जातो. त्याची किंमत ऐकली की कांडीच गोड वाटते.

डाळिंबाची साल

सोलापूरच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि भगवा वाणाच्या सालीचे ढीग जिल्हाभर पडतात, तेव्हा हेही. सावलीत वाळवलेल्या सालीची पूड १ ग्रॅम, निम्मं इथेनॉल निम्मं पाणी ५० मिलिलिटर, ४० अंशांना एक तास, गाळणी. मग अ‍ॅसिटेट बफरमध्ये निदान पाचशेपट पातळ करा. इतक्या विरळ द्रावणात अल्कोहोलचाही त्रास उरत नाही. न पातळ करता घातलं तर प्युनिकॅलाजिनसारखी मोठी टॅनिनं ग्राफाइटवर असा लेप देतात की कांडी पहिल्याच फेरीत संपते. पीएच ४.८ ला पहिलं शिखर ०.३ ते ०.४ व्होल्टच्या दरम्यान येतं, म्हणून आकडा गॅलिक आम्लाच्या रूपात सांगतात.

फोलिन-सिओकाल्टोच्या (एकूण पॉलिफिनॉल मोजायची नेहमीची पद्धत) निळ्या रंगाशी हा आकडा तंतोतंत जुळणार नाही. तो अभिकारक व्हिटॅमिन सी आणि काही साखराही मोजणीत धरतो; कांडीवर साखर जळत नाही. व्हिटॅमिन सी मात्र इथेही दिसतं, पॉलिफिनॉलच्या शिखराच्या डाव्या खांद्यावर. सालीत ते फार त्रास देत नाही, रसात देतं. रसासाठी तोच नमुना दोनदा मोजा: एकदा सरळ, आणि एकदा पॉलिव्हिनिलपायरोलिडोनची पाण्यात न विरघळणारी पूड, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, घालून दहा मिनिटं हलवून गाळल्यावर. पूड पॉलिफिनॉल धरून ठेवते, व्हिटॅमिन सी पाण्यात राहतं. दोन शिखरांची वजाबाकी करा. दुसऱ्या मापनाला कांडी नवीच लावा. पहिल्या कांडीवर टॅनिनं बसलेली असतात आणि ती धुऊन जात नाहीत.